कुरवाच्या पोटातले जंत शोधायचेत? आधी त्याचं ताट बघा

माझा पहिला पट्टकृमी नूडल निघाला.

एम.एस्सी.चा प्रबंध चालू होता. रायगडच्या एका जेट्टीजवळ मेलेला कुरव (सीगल) वनखात्यामार्फत आमच्याकडे आला होता. त्याच्या पोटातून बोटभर लांबीची, पांढरी, चपटी पडलेली पट्टी निघाली. मी हरखून वहीत नोंद केली, लांबी मोजली, फोटो काढले. प्रयोगशाळेतले मामा मागून सगळं बघत होते. काही न बोलता त्यांनी पट्टीवर आयोडीनचा थेंब टाकला आणि पट्टी काळीनिळी झाली. म्हणजे स्टार्च. "मॅडम, फेरीबोटीवरच्या पोरांनी खायला घातलंय ते."

त्या दिवशी हसं झालं, पण त्या नूडलनं मला एक गोष्ट शिकवली. पक्षी काय खातो हे ठाऊक नसेल तर त्याच्या पोटातलं काहीच ओळखता येत नाही. समुद्रपक्ष्यांच्या आतड्यातल्या परजीवींवर काम सुरू करणाऱ्यांसाठी, विशेषतः कोकण किनाऱ्यावर करणाऱ्यांसाठी, हे लिहिते आहे. मी ज्या खड्ड्यांत पडले ते तुम्ही ओलांडून जावेत एवढाच हेतू.

१. आधी साखळी पाठ करा, मग मायक्रोस्कोपला हात लावा

कोंबड्यांचे जंत शिकून आलेल्यांचा इथे पहिला गोंधळ होतो. खुराड्यात जंत विष्ठेतून थेट दुसऱ्या कोंबडीत जाऊ शकतो. समुद्रपक्ष्यांच्या बहुतेक जंतांना मधे एखाददुसरा प्राणी लागतो. अंडं विष्ठेतून पाण्यात पडतं, अळी एखाद्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यात, शंखात किंवा खेकड्यात शिरते, पुष्कळदा तिथून माशात जाते, आणि तो घास पक्ष्यानं गिळला की मग जंत मोठा होतो. म्हणजे जंत ताटातून येतो.

चार उदाहरणं लक्षात ठेवली तरी सुरुवातीला पुरतात. काँट्रासीकम हा गोलकृमी पाणकावळे आणि पाणकोळ्यांत सर्रास आढळतो. त्याची अळी माशाच्या आतड्याभोवतीच्या पडद्यात गुंडाळी करून बसलेली असते. क्रिप्टोकोटाइल लिंग्वा हा उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा पर्णकृमी शंखातून माशाच्या कातडीत जातो, तिथे त्याचे काळे ठिपके दिसतात, आणि तिथून तो कुरवात जातो. हिमास्थला शिंपल्यांतून येतो, म्हणून शिंपले फोडून खाणाऱ्या पक्ष्यांत तो शोधायचा. प्रोफिलिकॉलिस हा काटेरी सोंडेचा कृमी खेकड्यांतून आणि वाळूत घुसणाऱ्या छोट्या कुर्ल्यांतून कुरवांत आणि चिखलपक्ष्यांत पोचतो.

स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे बेटावर शॅग या पाणकावळ्याच्या भाऊबंदावर असं काम झालं आहे. तिथली पिल्लं स्वतः मासा धरायच्या आधीच बाधित होतात, कारण आईबाप अर्धवट पचलेले मासे त्यांच्या घशात ओततात आणि त्याबरोबर अळ्याही. जिवंत पक्ष्याच्या पोटातले जंत तिथल्या संशोधकांनी एंडोस्कोप घालून मोजले.

या साखळीला अपवाद म्हणजे कॉक्सिडिया. या एकपेशीय परजीवींपैकी पुष्कळांना मधला प्राणी लागत नाही, ते घाणेरड्या बसण्याच्या जागेवरून थेट पसरतात. त्यांचा संबंध आहाराशी जोडायला जाऊ नका. माझ्या पहिल्या मसुद्यात मी जोडला होता. मार्गदर्शक सरांनी त्या परिच्छेदावर लाल रेघ मारली आणि शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

२. कागदपत्रं: याशिवाय पीसही उचलू नका

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळलात तर अंगाशी येईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मेलेला वन्यपक्षीसुद्धा सरकारी मालमत्ता असतो. तो सापडला म्हणून पिशवीत घालून घरी आणणं हा गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही शास्त्रीय असो. असा पक्षी कोणत्याही कारणानं तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

शास्त्रीय कामासाठी परवानगी कलम १२ खाली मिळते. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरला आहे. सोबत साधारण हे जोडा:

- तुमच्या संस्थेच्या प्रमुखाचं पत्र (व्यक्तीच्या नावावर अर्ज चालवणं अवघड जातं)
- दोनतीन पानांचा प्रकल्प-आराखडा, पद्धतीसकट
- जागांची यादी: गाव, किनारा, तालुका
- कोणत्या जाती, किती नमुने, कोणत्या महिन्यांत
- नमुने कुठे ठेवणार आणि शेवटी त्यांचं काय करणार
- ओळखपत्र आणि मार्गदर्शकाचं संमतिपत्र

माझा अर्ज एकदा परत आला, कारण मी "समुद्रपक्षी" असं मोघम लिहिलं होतं. जातींची नावं लिहा, शास्त्रीय नावासकट. आणि "फक्त विष्ठाच तर गोळा करतोय" म्हणून परवानगीचं पत्र नको असं समजू नका. किनाऱ्यावर हातमोजे घालून वाकलेल्या माणसाला गस्तीवरचा प्रत्येकजण विचारतो. ठाणे खाडीसारख्या किंवा मालवणसारख्या अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय पाऊलच टाकू नका. पत्राची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत कायम पाठीवरच्या पिशवीत हवी.

अर्जात वेळ जातो. कुरव ऑक्टोबरपासून येतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक निघून जातात. अर्ज उन्हाळ्यातच टाका.

३. सामान

बाजारात मिळतं तेच पुष्कळ आहे: दुर्बीण, नायट्राइल हातमोजे, एन-९५ मास्क, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, झाकणाच्या छोट्या बाटल्या, चहाची गाळणी, जाड मीठ, थर्मोकोलचा डबा आणि बर्फ. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप (मोजपट्टीची आयपीस असलेला), स्लाइडी, कव्हरस्लिप, १० टक्के फॉर्मॅलिन, ७० आणि ९५ टक्के अल्कोहोल, २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेट. आणि हो, आयोडीन.

४. विष्ठा गोळा करणं

इथेच सगळा अभ्यास बनतो किंवा बिघडतो.

सकाळी लवकर जा. कुरव आणि सुरय (टर्न) ओहोटीच्या वाळूवर किंवा जेट्टीच्या कठड्यावर थव्यानं बसतात. थव्यात तीनचार जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे दुर्बिणीतून आधी ओळख पटवा. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोन्ही कुरव हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचेच दिसतात, कानापाशी फक्त एक डाग. पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असले आणि डोळा फिका असला तर प्रौढ तपकिरी डोक्याचा. एकाच जातीचा गट एका बाजूला बसलेला मिळाला तर त्यावर नजर ठेवा. पक्षी उठले की जाऊन ताजे, ओले नमुने घ्या. मुद्दाम उडवू नका.

विष्ठेत पांढरा भाग असतो तो मूत्राचा. तुम्हाला हवा आहे गडद भाग. काडीनं फक्त वरचा थर उचला आणि वाळूला चिकटलेला भाग तिथेच सोडा.

ही सूचना मला कोणी दिली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते. ओल्या वाळूत स्वतंत्र जगणारे सूक्ष्म गोलकृमी कोट्यवधी असतात आणि विष्ठा दिसली की ते तिच्यात शिरतात. माझ्या पहिल्या तीस बाटल्यांतल्या बऱ्याचशा बाटल्यांत वळवळणाऱ्या अळ्या होत्या. मी कुरवांची कीव करत बसले होते. मग शंका आली म्हणून शेजारची नुसती वाळू तपासली, तर तिच्यातही त्याच. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणची चमचाभर साधी वाळू मी वेगळ्या बाटलीत घेते. जमेल तिथे जेट्टीच्या सिमेंटवरचाच नमुना घ्या.

एका पक्ष्याचे दोन नमुने दोन पक्षी म्हणून मोजले जाऊ नयेत यासाठी नमुन्यांत चारपाच पावलांचं अंतर ठेवा. बाटली लगेच बर्फात. चारच्या आसपास अंशांवर नमुना काही दिवस चांगला राहतो, पण डीप फ्रीजरमध्ये ठेवलात तर अंडी फुटतात. उशीर होणार असेल तर एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, आणि कॉक्सिडिया बघायचे असतील तर दुसरा भाग डायक्रोमेटमध्ये.

५. तरंगवणं आणि बसवणं, दोन्ही

लिटरभर कोमट पाण्यात साधारण ४०० ग्रॅम मीठ ढवळा. तळाशी थोडं न विरघळता राहिलं की द्रावण तयार, त्याची घनता साधारण १.२ येते. दोनतीन ग्रॅम विष्ठा त्यात कालवा, गाळणीतून गाळा, छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, इतकं की वर फुगवटा यावा. त्यावर कव्हरस्लिप ठेवा आणि वीस मिनिटं चहा घेऊन या. मग कव्हरस्लिप सरळ वर उचलून स्लाइडवर ठेवा आणि लगेच बघा. उशीर केला की मिठाचे चौकोनी खडे जमतात आणि अंडी चेपतात.

हलकी अंडी अशी वर येतात: गोलकृमींची, बऱ्याच पट्टकृमींची, कॉक्सिडियाची. दोन्ही टोकांना बूच असलेलं लिंबासारखं अंडं दिसलं तर तो जंत कॅपिलारिया या गोलकृमीच्या कुळातला.

नवशिक्यांपैकी निम्मे इथेच थांबतात आणि "पर्णकृमी आढळले नाहीत" असं लिहून मोकळे होतात. पर्णकृमींची अंडी जड असतात, त्यांतल्या पुष्कळांना झाकण असतं, ती मिठात तरंगत नाहीत. मासे खाणाऱ्या पक्ष्यांतल्या काही पट्टकृमींची अंडीही अशीच झाकणाची. त्यांच्यासाठी साधं पाणी घ्या: विष्ठा पाण्यात कालवून गाळा, उंच ग्लासात दहा मिनिटं ठेवा, वरचं पाणी अलगद ओता, पुन्हा भरा. पाणी नितळ होईपर्यंत हेच. तळाच्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की कचरा निळा होतो आणि पर्णकृमीचं अंडं पिवळट-तपकिरी उठून दिसतं. हा क्षण मला अजून आवडतो. निळ्या कचऱ्यात सोन्याचा मणी पडल्यासारखं दिसतं ते.

हवेचे बुडबुडे, परागकण, मूत्राचे स्फटिक या नेहमीच्या फसवणुका, त्या आठवड्याभरात डोळ्यांना ओळखू येतात. खरी फसवणूक वेगळीच असते. पक्ष्यानं जो मासा खाल्ला त्या माशाच्याच जंतांची अंडी पक्ष्याच्या आतड्यातून जशीच्या तशी बाहेर येतात. ती पक्ष्याच्या ताटातली आहेत, पक्ष्याची नाहीत. एकाच जातीच्या पक्ष्यांत पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिवशी तेच अंडं सापडलं, तरच ते त्याचं म्हणायला लागा.

६. मेलेला पक्षी हाती आला तर

एकाच जागी दोनपेक्षा जास्त पक्षी मेलेले दिसले, तर हात लावू नका. वनखात्याला आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. भारतातला पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला होता, तेव्हा हे दूरचं प्रकरण नाही.

एकटा पक्षी परवानगीनं मिळाला तर घाई करा. पट्टकृमी यजमान (ज्याच्या पोटात ते राहतात तो प्राणी) मेल्यावर काही तासांत विरघळायला लागतात. शवविच्छेदन त्याच दिवशी जमणार नसेल तरच गोठवा. गोठवल्यानं जंत खराब होतात, पण सडण्यापेक्षा बरं.

विषय "आतड्यातले" जंत असला तरी घशापासून शेवटापर्यंत पूर्ण नळी उघडा. काँट्रासीकम पोटात असतो, आतड्यात नाही. प्रत्येक भाग वेगळ्या ताटलीत, मिठाच्या सौम्य पाण्यात (लिटरला ९ ग्रॅम). पक्षी मेल्यावर जंत जागा बदलतात, म्हणून "कुठे सापडला" ही नोंद किती तास उलटले त्यासकट करा.

पट्टकृमी ओढू नका. त्याचं डोकं आतड्याच्या भिंतीत रुतलेलं असतं आणि डोक्याशिवाय ओळख पटवणं फार अवघड. आतड्याचा तेवढा तुकडा पाण्यात दोनतीन तास ठेवा, पकड सैल होते. गोलकृमी गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होतात, थंडात टाकले की स्प्रिंगसारखे गुंडाळतात. अल्कोहोल गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून तापवा, बर्नरवर नाही. आमच्याकडे एकानं बर्नर वापरला होता. भुवया परत आल्या. डीएनए करायचा असेल तर काही जंत थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, त्यांना फॉर्मॅलिन लावू नका.

जून-जुलैच्या वादळांत खोल समुद्रातले पक्षी, बूबी, नॉडी, वादळी पाखरं, आपल्या किनाऱ्यावर थकून पडतात. त्यांचं पोट बहुधा रिकामं असतं. पोटात जंत सापडले की "जंतांनी मारलं" असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. उपाशी पक्ष्याच्या पोटात जंत तेवढे उरलेले दिसतात, इतकंच.

७. ताट मोजणं

कुरव न पचलेली हाडं, कवचं यांची गोळी करून तोंडावाटे टाकतात. बसण्याच्या जागी त्या मिळतात. पाण्यात भिजवून गाळल्या की काटे, खेकड्याच्या नांग्या आणि माशांच्या कानातले खडे निघतात. ढोमा साफ करणाऱ्या कुणालाही त्याच्या डोक्यातले पांढरे खडे माहीत असतात, तेच हे. प्रत्येक जातीच्या माशाचा खडा वेगळ्या आकाराचा असतो. तुलनेसाठी स्वतःचा संच करा: बाजारातून मांदेली, तारली, बांगडा, ढोमा, बोंबील आणा, डोकी उकळा, खडे काढून नावानिशी डबीत ठेवा. आमच्या घरी वर्षभर कालवणाला बिनडोक्याचे मासे होते.

जवळा, मऊ मांस, गाठिया यांची गोळीत फारशी खूण राहत नाही. म्हणून तासभर नुसतं बसून कोण काय खातोय याची नोंदही हवी. गेटवे ते मांडवा फेरीच्या मागे उडणारा कुरव आणि मासळी उतरवणाऱ्या जेट्टीवरचा कुरव एकाच जातीचे असले तरी त्यांचं ताट वेगळं. तळलेल्या गाठियात अळ्या नसतात. उलट जेट्टीवर टाकलेल्या माशांच्या आतड्यांत त्या भरपूर असू शकतात, कारण काँट्रासीकमसारख्यांचा मुक्काम तिथेच असतो.

म्हणून मासळीबाजारातून आतडीही मागून आणा. "आतडी कशाला हवीत गं बाय तुला?" असं मला विचारलं गेलं, आणि खरं सांगितल्यावर त्या मावशींनीच "हे किडे रोज बघतो की आम्ही" म्हणून बोटानं दाखवले. मात्र माशात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी पक्ष्याकडे जाणारी नसते. तांदळाच्या दाण्यासारख्या ज्या पट्टकृमीच्या अळ्या कित्येक माशांत दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचा शेवटचा यजमान मुशी किंवा पाकट असतो.

८. जोड लावताना

पोटातला मासा काही तासांत पचतो, म्हणजे पोट शेवटचं जेवण सांगतं. जंत त्याहून बरीच मागची जेवणं सांगतात. पण कुठली जेवणं? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तलावांवर वीण करून इथे येतो. नोव्हेंबरमध्ये त्याच्यात सापडलेला जंत तिकडच्या गोड्या पाण्यातल्या माशातून आलेला असू शकतो, मार्चमध्ये सापडलेला इथल्या खाडीतून. दोन्ही महिन्यांचे नमुने एका बेरजेत टाकलेत तर हाती काही लागणार नाही.

आकड्यांबद्दल थोडंच. किती टक्के पक्षी बाधित आणि बाधित पक्ष्यामागे सरासरी किती जंत, हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही द्या. जंत सारखे वाटलेले नसतात: बहुतेक पक्ष्यांत थोडे आणि एखाददुसऱ्यात खच्चून. आणि १० पक्षी तपासून एकातही जंत नाही मिळाला, तरी प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याइतके पक्षी बाधित असू शकतात. ३० तपासून एकही नसेल तर ही शक्यता दहा टक्क्यांच्या आत येते. विष्ठेतल्या अंड्यांवरून पोटातल्या जंतांची संख्या तर सांगूच नका. कोवळे जंत अंडी घालत नाहीत.

९. चिठ्ठी बाटलीच्या आत

बाटलीवर मार्करनं लिहू नका. अल्कोहोलचा एक ओघळ आला की जात, तारीख, जागा, सगळं पुसतं. जाड कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीनं लिहा: जात, तारीख, किनारा, नळीचा कोणता भाग, मरून किती तास, कोणी उघडला. तो कपटा बाटलीच्या आत टाका. माझ्या फळीवर अजून तीन बाटल्या आहेत. आत सुंदर, डोक्यासकट काढलेले पट्टकृमी आहेत आणि बाहेर निळसर डाग.